तिकीट देणारं घुबड

आमच्या नकाशा कार्यालयात त्या काळी माणशी एक खुर्ची होती आणि माणशी पाच-सहा पासवर्ड. खुर्च्या डुगडुगायच्या आणि पासवर्ड हरवायचे. यंत्रं युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर चालायची. काचेचे अवजड पडदे, मागे सुटलेलं पोट, आणि थंडीत हात शेकावेत इतकी ऊब. कोणा हौशी माणसाने त्यांना पक्ष्यांची नावं दिली होती. नद्या आणि तलाव बगळ्यावर, रस्ते सुतारपक्ष्यावर, गावांची नावं पारव्यावर आणि छपाई ससाण्यावर. एक नकाशा पुरा करायचा तर चार खोल्यांतल्या चार पक्ष्यांची मनधरणी करावी लागे, आणि प्रत्येक पक्ष्याचा पासवर्ड वेगळा. लोकांनी ते चिठ्ठ्यांवर लिहून पडद्यांच्या कडांना चिकटवले होते. आमच्या हेडक्लार्कनी आपले पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, नातीच्या फोटोशेजारी ठेवले होते. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्याने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि ही कुठली भाषा म्हणून विचारलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "सगळीकडे एकच पासवर्ड चालला पाहिजे. कोण करेल हे?"

नेमकं त्याच क्षणी माझं पेन खाली पडलं. मी ते उचलायला टेबलाखाली वाकलो आणि वर आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब म्हणाले, "उत्तम!" मी संगणक विभागाचा प्रमुख झालो तो असा. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे बढतीवरून भांडणही झालं नाही.

मी हौसेने जाड जाड पुस्तकं आणली. त्यातून कळलं की या कामासाठी एक नामी व्यवस्था आहे. सकाळी तुम्ही एका मुख्य यंत्राला पासवर्ड द्यायचा, की ते तुम्हाला दिवसभराचं तिकीट देतं. मग कुठल्याही यंत्राकडे जा, ते तुमचं तिकीट बघतं आणि आत सोडतं. पासवर्ड पुन्हा विचारत नाही, आणि तुमचा पासवर्ड तारेतून कधी प्रवासच करत नाही, म्हणून वाटेत कोणी चोरण्याचा प्रश्न नाही. संध्याकाळी तिकीट आपोआप संपतं. या व्यवस्थेचं नाव कर्बेरॉस. परदेशी दंतकथेत पाताळाच्या दारावर तीन डोक्यांचा एक कुत्रा बसलेला असतो, त्याचं हे नाव. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने मीटिंगमध्ये सांगितली, ती चूक झाली. त्या दिवसापासून कार्यालयात माझ्या कामाला कोणी कर्बेरॉस म्हटलं नाही. जिन्यावर भेटलेला माणूस विचारायचा, "काय, कुत्रा कसा आहे?"

मुख्य यंत्राला मी घुबड हे नाव दिलं. सगळे झोपले तरी ते जागं राहील, ही माझी कल्पना. कल्पना चांगली होती. जागं राहण्याबद्दल घुबडाचं मत मात्र मी विचारलं नव्हतं.

आमच्या शेजारी एका सिनेमा थिएटरचे निवृत्त मॅनेजर राहत. सगळी चाळ त्यांना मॅनेजरकाका म्हणे. मी तिकिटांची व्यवस्था करतोय हे कळल्यावर ते बनियनवरच आमच्याकडे आले आणि खुर्ची ओढून बसले.

"तिकीट हा माझा विषय आहे," ते म्हणाले. "आधी मला सांगा, पासवाल्यांचं काय करणार?"

"कसले पासवाले?"

"असतात हो. कोणी पत्रकार असतो, कोणी मालकाचा मेहुणा असतो. त्यांना बिनतिकीट आत घ्यावं लागतं."

"काका, यात बिनतिकीट कोणीच जात नाही. साहेबसुद्धा नाहीत."

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मग ही व्यवस्था टिकत नाही," ते म्हणाले. "माझा अनुभव आहे. मेहुण्यांची सोय नसलेली व्यवस्था मी आजवर पाहिलेली नाही. आणि मध्यंतरात बाहेर गेलेला माणूस परत आत कसा घ्याल? चेहरा लक्षात ठेवाल?"

मी त्यांना यंत्र चेहरे लक्षात ठेवत नाही, हे समजावत राहिलो. चहाचे दोन कप झाले. जाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण गर्दी बघितलेली नाही."

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती कपबशा उचलता उचलता म्हणाली, "अहो, सगळीकडचं कुलूप एकाच यंत्राच्या हातात देणार. ते यंत्रच आजारी पडलं तर?"

"ते आजारी पडत नसतं," मी म्हणालो.

तिने कपबशा ठेवल्या आणि वर्तमानपत्राने वारा घ्यायला लागली. आमच्या घरातल्या पंख्याबद्दलही मी हेच म्हणालो होतो.

पुस्तकात एक गोष्ट ठळक लिहिली होती: मुख्य यंत्र कुलपाच्या खोलीत ठेवा. मी रीतसर अर्ज केला, "तिकीट व्यवस्थेसाठी स्वतंत्र खोली मिळणेबाबत." अर्ज प्रशासनाकडे गेला, तिथून वाहन विभागाकडे गेला, आणि यथावकाश उत्तर आलं की कर्मचाऱ्यांना प्रवासाची तिकिटे देण्याची तरतूद नाही, सबब खोलीचा प्रश्न उद्भवत नाही. मी दुसरा अर्ज केला आणि त्यात तिकीट हा शब्द टाळून कुत्रा लिहिण्याचा मोह आवरला. शेवटी स्टोअरच्या आतली अंधारी खोली मिळाली. तिथे सुकलेल्या शाईच्या बाटल्या, गुंडाळलेले जुने नकाशे आणि एका पायाने अधू झालेली स्टुलं होती. अट एकच, किल्ली स्टोअरकीपरकडे राहणार.

"एक किल्ली माझ्याकडेही असू द्या ना," मी म्हणालो.

"सुरक्षितता पाहिजे असं तुम्हीच लिहिलंय ना?" स्टोअरकीपर म्हणाले. "मग दोन किल्ल्या म्हणजे सुरक्षितता अर्धी झाली की नाही?"

माझं तत्त्व कोणाला तरी इतकं नेमकं समजलं याचा मला आनंदच झाला. मी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

मग प्रत्यक्ष कामाला लागलो, आणि घुबड काही केल्या तिकीट देईना. या व्यवस्थेत आपल्या यंत्रांच्या राज्याला एक नाव द्यावं लागतं आणि ते रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं. मी एका ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी लहान. घुबडाच्या मते ही दोन वेगळी राज्यं होती आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आता तुम्हीच सांगा, आपल्या लिपीत 'क' हा 'क'च असतो. राजाच्या नावातला असो की रद्दीवाल्याच्या, तो तेवढाच उंच. अशा समतेत वाढलेल्या माणसाला अक्षराअक्षरांतला हा उच्चनीच भाव दिसायचा कसा? मी ती फाइल इतक्यांदा वाचली की झोपेत तिच्या ओळी बडबडायला लागलो. शेवटी चूक सापडली तेव्हा मी ओरडलो, आणि शेजारच्या खोलीतल्या दादांच्या हातून एका नदीला फाटा फुटला.

दादांबद्दल सांगायलाच हवं. ते आमचे सर्वांत जुने नकाशाकार. मी कार्यालयात लागलो तेव्हा कागदावर शाईनेच काम चाले आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. नदी कशी काढायची हे त्यांनी मला शिकवलं. उगमापासून सुरुवात करायची, पेन हलकं धरायचं, आणि नदी जसजशी खाली येते तसतसा हात सैल सोडत रेघ जाड होऊ द्यायची. माझ्या नद्या मध्येच सुजायच्या. ते म्हणायचे, "अरे, हिला पूर आलाय. पूस." यंत्रं आली तेव्हा बाकीचे म्हातारे कुरकुरले, पण दादांनी बगळ्यासमोर खुर्ची ओढली आणि एका बोटाने टाइप करायला शिकले. पासवर्ड देताना ते डाव्या हाताने कळफलक झाकायचे, आजूबाजूला बघायचे आणि मग एकेक अक्षर दाबायचे, पण दाबताना ते पुटपुटत असल्यामुळे अख्ख्या खोलीला तो पाठ होता.

राज्याचं नाव जुळलं आणि घड्याळांचा प्रश्न निघाला. या तिकिटावर वेळ असते. देणाऱ्या यंत्राचं घड्याळ आणि बघणाऱ्या यंत्राचं घड्याळ यांच्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला, की तिकीट अमान्य. मी घड्याळं तपासली आणि मला आमच्या कार्यालयाचं खरं स्वरूप कळलं. साहेबांच्या खोलीतलं यंत्र पुढे होतं, कारण त्यावर बघून त्यांना लोकांना उशिराबद्दल झापता येई. हेडक्लार्कचं त्याहून पुढे होतं, कारण ते त्यावर बघून घरी जात. आणि दादांचा बगळा चांगलाच मागे होता.

"दादा, हे असं का?"

"नदीला कसली घाई?" दादा म्हणाले.

मी सगळी घड्याळं घुबडाशी जुळवली. दुसऱ्या दिवशी कळलं की आजवर रोज उशिरा येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे साहेब. हेडक्लार्कनी तर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांची घरी जायची वेळ मी हिसकावून घेतली होती. जिन्यात समोरासमोर आलो की ते भिंतीकडे बघत पुटपुटत, "वीस वर्षांची सवय होती माणसाची." मी कोणाची तरी गाय सोडून नेल्यासारखा अपराधी होऊन खाली उतरायचो.

पण चाललं! एका सकाळी सुतारपक्ष्यावरून पारव्यावर, पारव्यावरून ससाण्यावर मी एकाच तिकिटावर फिरून आलो. लोकांनी पडद्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. सकाळी कोणी ना कोणी हाक मारायचं, "घेतलं का कुत्र्याने आत?" आणि पलीकडच्या खोलीतून उत्तर यायचं, "घेतलं!" पुढे मी बऱ्याच चकचकीत कचेऱ्यांत काम केलं. तिथे दरवाजे बोटाच्या ठशाने उघडत, पण कोणी कोणाला हाक मारत नसे. त्या ओलसर इमारतीतल्या हाका मला अजून ऐकू येतात.

मग माझ्या अंगात नीटनेटकेपणा शिरला. आता एकच पासवर्ड आहे, तर प्रत्येक यंत्रावर जुने पासवर्ड कशाला पडू द्यायचे? मी सगळ्या पक्ष्यांवरचे जुने पासवर्ड पुसून टाकले. माझा स्वतःचाही, आणि यंत्र दुरुस्त करायला लागतो तो मुख्यसुद्धा. किती स्वच्छ वाटलं म्हणून सांगू!

दादांचा निवृत्तीचा दिवस उजाडला. जिल्ह्याचा नवा नकाशा त्याच दिवशी छपाईला जायचा होता आणि तो बघायला नवे संचालक येणार होते. नकाशात एकच काम उरलं होतं. मोठ्या नदीचं नाव तिच्या वळणाबरोबर लिहायचं होतं. दादांनी ते मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. "नाव नदीच्या बाजूने वाहिलं पाहिजे," ते म्हणायचे. संध्याकाळी त्यांचं खातं बंद होणार, म्हणजे आज राहिलं ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं होणार.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी वीज एकदा गेली आणि आली. सगळे पक्षी आपापले उठले. घुबड उठलं नाही. त्याचं बटण दाबावं लागे, आणि बटण कुलपाच्या आत होतं.

"घेतलं का आत?" एका खोलीतून हाक आली.

"नाही घेत!"

"इथेही नाही!"

मी धावत स्टोअरकडे गेलो. स्टोअरकीपर रजेवर. त्यांच्या घरी फोन लावला तर त्यांची बायको म्हणाली, "ते मोठ्या भावाकडे गेलेत, परगावी. किल्ली? ती त्यांच्या कमरेला असते. आंघोळीलासुद्धा सोडत नाहीत."

"मग कुलूप तोडू," मी साहेबांना म्हणालो.

हेडक्लार्क कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोलले. "कुलूप तोडायला स्टोअरकीपरची लेखी परवानगी लागते," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका तृप्त मी कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी मला विचारलं, "जुने पासवर्ड आहेत ना? तात्पुरते ते वापरा."

मी ते पुसल्याचं सांगितलं. दादा दारात उभे होते. नुसते चष्म्याच्या काचा पुसत होते, आणि काचा आधीच स्वच्छ होत्या.

घुबडाच्या खोलीच्या दाराच्या वर हवेसाठी एक व्हेंटिलेटर, म्हणजे उघडा झरोका होता. मी बूट काढून एका स्टुलावर चढलो, नकाशे आखायची लांब पोलादी पट्टी हातात घेतली आणि कमरेपर्यंत आत घुसलो. आतून शाईचा जुना वास आला. खाली घुबडाचं बटण अंधुक दिसत होतं. स्टूल डुगडुगलं म्हणून दादांनी माझे पाय घट्ट धरले. बाकी कार्यालय सल्ले द्यायला जमलं होतं.

"डावीकडे घ्या!"

"अहो, उजवीकडे! त्यांचं उजवं, आपलं नाही!"

"पट्टी उलटी धरलीय का?"

"हात सैल सोड," खालून दादा म्हणाले. "नदी काढतोस तसा."

मी हात सैल सोडला. पट्टी बटणाला टेकली, आणि नेमकं तेव्हाच बाहेर एकदम शांतता पसरली. संचालक आले होते.

"हे कोण?" एक अनोळखी आवाज आला.

"हे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख," साहेबांनी ओळख करून दिली. कोणत्या भागाकडे हात केला असेल, हे मी आजवर विचारलेलं नाही. एवढं खरं की माझा डावा मोजा अंगठ्याशी फाटलेला होता.

"आणि वरचा भाग?"

"वरचा भाग कामात आहे, सर."

मी अंधारात "नमस्कार" म्हणालो. तो घुबडाने ऐकला. कारण मी तसंच पट्टीवर जोर दिला आणि आत पंखा घरघरायला लागला. थोड्या वेळाने लांबच्या खोलीतून आरोळी आली, "घेतलं! कुत्र्याने आत घेतलं!"

आणि सगळे पळाले. साहेब संचालकांना घेऊन पळाले, स्टुलाला टेकून उभे असलेले पळाले, हेडक्लार्कसुद्धा पळाले. मी बाहेर निघायला गेलो तर शर्ट खिळ्यात अडकला होता. पुढे जाता येईना आणि मागेही येता येईना. पायांवरची पकड मात्र तशीच होती.

"दादा?"

"हं."

"तुम्ही जा ना. बगळा चालू झाला असेल. नाव लिहायचं राहिलंय तुमचं."

"नदी कुठे पळून चाललीय?" दादा म्हणाले. "तू आधी डावा खांदा काढ. ओढू नकोस, फाटेल."

फाटलाच. पण मी खाली उतरलो. डोक्यावर जळमटं, हातात पट्टी. दादांनी माझे केस झटकले, तेही नकाशावरची खोडरबराची भुकटी झटकतात तशा हलक्या हाताने. मग आम्ही बगळ्याकडे गेलो. त्यांनी डाव्या हाताने कळफलक झाकला, पुटपुटत पासवर्ड दिला, आणि त्यांना तिकीट मिळालं. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. एकेक अक्षर वळणाला टेकत, जरा कलत, नदीबरोबर खाली उतरत गेलं. संचालक मागे येऊन उभे राहिले होते.

दुपारी निरोप झाला. भाषणं झाली. संचालकांनी आमच्या तिकीट व्यवस्थेचं कौतुक केलं आणि बटण मात्र बाहेरून दाबता यावं, अशी सूचना केली. साहेबांनी ती टिपून घेतली. लोक हात मिळवून पांगले, आणि खोलीत मी आणि दादा उरलो. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा बगळ्याच्या पडद्यावर पडला होता.

"याच्यातून नीट बाहेर कसं पडायचं रे?" त्यांनी विचारलं.

तोवर कोणी मला हे विचारलं नव्हतं. लोक तसेच उठून घरी जायचे. तिकीट आपलं आपण संपायचं. मी सांगितलं की आपलं तिकीट आपल्या हाताने नष्ट करायची एक आज्ञा आहे.

"सांग. मी करतो."

मी अक्षरं सांगत गेलो, ते एका बोटाने दाबत गेले. शेवटची कळ दाबली. पडद्यावर काहीच आलं नाही. नवी ओळ आली आणि तिच्यापुढे ती छोटी रेघ लुकलुकत राहिली.

दादा वाट बघत होते. "झालं?"

"झालं."

"काहीच बोललं नाही ते."

"युनिक्स आहे दादा. काम नीट झालं की ते काही बोलत नाही. बिघडलं तरच बोलतं."

दादा त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबी खिशात टाकली आणि खुर्ची टेबलाच्या आत सरकवली. ती डुगडुगली तशी हाताने स्थिर केली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "तू मात्र फार बोलतोस."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यांना ऐकवायला माझ्याकडे कितीतरी होतं, सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं. आम्ही एकमेकांशेजारून चालत गेलो. फाटकाशी त्यांनी माझ्या फाटक्या बाहीकडे बघून मान हलवली आणि हात वर केला. मीही नुसता हात वर केला.